केसभर म्हणजे किती?

केसभरताई हे नाव तिला ऑफिसात पहिल्याच आठवड्यात मिळालं, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने ओढवून घेतलं.

चामडं कापणाऱ्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी ती एक छोटी कंपनी. बुटांचे, पिशव्यांचे तुकडे चामड्यावर कसे मांडले तर कमीत कमी वाया जाईल हे कंपनीचा प्रोग्राम ठरवायचा, आणि यंत्र त्याप्रमाणे सुरी फिरवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण चामडं म्हणजे काही कागदाचा ताव नव्हे. त्याला पोट असतं, मान असते, डाग असतात, आणि एक कड सरळ असेल तर शपथ. अशा वेड्यावाकड्या जागेत शंभर तुकडे एकमेकांच्या अंगावर न चढता बसवायचे. दोन तुकड्यांत फट किती सोडायची यावर मीटिंग चालली होती. एकजण म्हणाला, "केसभर सोडतो ना आपण." दुसरा म्हणाला, "सोडतो की. कोडमध्येही केसभर असंच नाव दिलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या, वयाने सगळ्यांत मोठ्या आणि हुद्द्याने सगळ्यांत लहान असलेल्या बाईने विचारलं, "केसभर म्हणजे किती?"

हशा पिकला. तिला वाटलं, हसून झाल्यावर कुणीतरी सांगेल. कुणी सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने कोड उघडून स्वतःच शोधलं, तर केसभर एक नव्हतं, चार होती. चार फायलींत चार वेगवेगळे आकडे, आणि सगळ्यांत मोठ्या आकड्यापुढे कुणीतरी लिहून ठेवलेलं: 'तात्पुरतं. नंतर बघू.' त्या 'नंतर'ला सहा वर्षं झाली होती.

तिला हे हास्यास्पद वाटण्याऐवजी ओळखीचं वाटलं, कारण ती स्वतः चामड्यातून आली होती. बारावीला गणितात नापास झाल्यावर वडिलांनी तिला आपल्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर उभं केलं. वडील तिथले मुख्य कापणीदार. पत्र्याचे नमुने चामड्यावर ठेवायचे, सरकवायचे, फिरवायचे आणि एका नजरेत ठरवायचं की इथे टाच निघेल, इथे जीभ निघेल, हा डाग दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत घालवता येईल. वडिलांची नजर अशी की मालकसुद्धा त्यांच्यामागे उभं राहताना खाकरायचा नाही. अकरा वर्षं ती त्या टेबलावर राबली आणि त्या नजरेचा बराच वाटा तिच्याही डोळ्यांत उतरला. मग कारखान्यात यंत्र आलं, यंत्राबरोबर कॉम्प्युटर आला, आणि बाकीचे नाकं मुरडत असताना ती त्या कॉम्प्युटरला चिकटली. संध्याकाळचा डिप्लोमा केला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती या कंपनीत लागली, तीही ग्राहकांच्या तक्रारी ऐकून घ्यायला आणि स्क्रीनवरची बटणं इकडची तिकडे करायला. तुकडे मांडणारा आतला भाग, ज्याला सगळे 'इंजिन' म्हणत, त्याला हात लावायची तिला परवानगी नव्हती. आणि तिला हवं होतं ते नेमकं इंजिनच.

तीन वर्षं तिने वाट पाहिली. मग एक दिवस मॅनेजरने तिला बोलावलं. मॅनेजर तिच्याहून सहा वर्षांनी लहान, स्वभावाने भला, पण प्रत्येक गोष्ट आधीच ठरवून मग विचारायची त्याला खोड होती.

"ताई, कंपनी एकाला विद्यापीठात पाठवतेय. आठवड्यातले दोन दिवस, वर्षभर. तुमचं नाव दिलंय. परत आलात की इंजिन तुमच्याकडे."

ती खुर्चीत पुढे सरकली.

"दोन विषय आहेत, त्यातला एक घ्यायचा," तो पुढे म्हणाला. "संगणकीय भूमिती, म्हणजे आकार, बहुभुज, काय कशात बसतं, काय कशाला छेदतं. आणि दुसरा न्यूमरिकल मेथड्स, म्हणजे आकडेमोड. कॉम्प्युटर जे अंदाजे उत्तर काढतो ते किती अंदाजे, वगैरे. तो तुमच्या काय कामाचा? मी जॉमेट्री लिहून टाकलंय. सही शुक्रवारी करा."

"आणि नापास झाले तर?"

"तुम्ही? जॉमेट्रीत?" तो हसला. मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "नापास झालात तर इंजिन दुसऱ्याकडे जाईल, ताई. मग माझ्याही हातात काही उरणार नाही."

घरी तिने ही बातमी सांगितली तेव्हा वडिलांना गगन ठेंगणं झालं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. टेबल सोडून त्यांना सात वर्षं झाली होती. पण 'आकारांचा अभ्यास' म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. "विद्यापीठात शिकवतात हे?" त्यांनी दोनदा विचारलं. "आपलं काम? विद्यापीठात?" मग शेजारच्या शिंप्याला सांगायला म्हणून जे बाहेर पडले ते तासाभराने परतले. तिचा नवरा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. तो म्हणाला, "घे की. तुला डोळे मिटून जमेल."

हेच तिला बोचलं. डोळे मिटून जमणारी गोष्ट शिकायला वर्ष कशाला घालवायचं? पण गणिताच्या नावाला ती अजून भ्यायची, आणि न्यूमरिकल म्हणजे नखशिखांत गणित. तेव्हा तिने मनाची समजूत घातली की शुक्रवारी मुकाट्याने सही करायची.

सोमवारी एका बूट कारखान्याच्या मुकादमाचा फोन आला. हा मुकादम महिन्यातून दोनदा फोन करायचा आणि प्रत्येक वेळी एकच तक्रार करायचा.

"बाई, तुमचं यंत्र दुपारनंतर दमतं."

"दमतं म्हणजे?"

"सकाळी सोन्यासारखं कापतं. दुपारी तीन वाजले की झिंगतं. तुकड्यावर तुकडा चढवतं. आज आठ जोड्यांचं चामडं कचऱ्यात गेलं."

ऑफिसात या तक्रारीची टिंगल व्हायची. कुणी म्हणे यंत्र तापत असेल, कुणी म्हणे मुकादमच जेवून झिंगत असेल. दर वेळी कुणीतरी केसभर थोडं वाढवून वेळ मारून न्यायचं. मग तुकडे चढायचे थांबत; पण इतके लांब लांब बसत की चामडं वाया जातंय म्हणून तोच मुकादम पुन्हा फोन करी. मग कुणीतरी केसभर परत कमी करी. दोन वर्षं हा पोरखेळ चालला होता, आणि इतक्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही उठून तिथे जावंसं वाटलं नव्हतं. ती गेली.

लांबलचक शेडमध्ये चौदा मीटर लांबीचं टेबल होतं. सकाळी एका टोकापासून चामडी पसरत जायची आणि यंत्र त्यांच्यामागून कापत जायचं. ती दिवसभर त्याच्या बाजूने चालली. दहा वाजता सुरी ठीक, बारा वाजता ठीक, दोन वाजता ठीक. तीनला यंत्र टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचलं आणि पहिला तुकडा दुसऱ्याच्या अंगावर चढला. मुकादमाने "बघा, दमलं!" अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं.

"उद्या सकाळी त्या टोकाकडून सुरुवात करा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यंत्र सकाळी साडेआठलाच दमलं. मुकादमाने कपाळाला हात लावला. तिला मात्र आनंदाने ओरडावंसं वाटलं. दुपारचा काही संबंध नव्हता. संबंध होता लांबीचा.

ऑफिसात परतून तिने परवानगी न विचारता इंजिन उघडलं. एखादा कोपरा एखाद्या रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे, या एका प्रश्नावर ते सगळं उभं होतं. प्रोग्राम दोन गुणाकार करायचा, एकातून दुसरा वजा करायचा. उत्तर शून्याच्या वर गेलं तर डावीकडे, शून्याखाली गेलं तर उजवीकडे. सूत्रात खोट नव्हती. पण सगळी अंतरं टेबलाच्या सुरुवातीपासून मोजलेली, आणि प्रत्येक आकड्याचे पहिले सातच अंक धरायचे, अशी काटकसर कुणीतरी कंपनीच्या पहिल्या दिवसांत करून ठेवलेली. टेबलाच्या सुरुवातीला सात अंक उदंड. टोकाला मात्र गुणाकार आठ अंकी व्हायचे आणि शेवटचा अंक गळून जायचा. असे दोन गळके, जवळजवळ सारखे गुणाकार एकमेकांतून वजा केले की हातात उरायचा निव्वळ कचरा, आणि त्या कचऱ्याकडे बघून प्रोग्राम छातीठोकपणे सांगायचा, 'डावीकडे'. केसभर वाढवून त्याला काय होणार? केसभर कितीही घ्या, खाली जमीनच हलत होती.

तिने दोन ओळी बदलल्या. अंतरं टेबलाच्या सुरुवातीपासून न मोजता त्या त्या तुकड्याच्या जवळच्या कोपऱ्यापासून मोजली. कुठलाही कापणीदार असंच मोजतो. चौदा मीटरवरून कोण मोजत बसेल! गुरुवारी दुपारी चार वाजता मुकादमाचा फोन आला. "नाही दमलं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी मॅनेजरने तिचं तोंडभर कौतुक केलं, न विचारता इंजिनाला हात लावला म्हणून थोडं रागावून घेतलं आणि फॉर्म पुढे सरकवला. "बघितलंत? म्हणूनच म्हणतो, जॉमेट्री तुमच्या रक्तात आहे."

"सर, यात जॉमेट्री कुठे चुकली होती?"

"म्हणजे?"

"सूत्र बरोबरच होतं. आकडे गळत होते, आणि ते आपल्यापैकी कुणालाच कळलं नाही. मी टेबलापाशी उभी राहिले म्हणून मला दिसलं. पुढच्या वेळी दिसलं नाही तर? माझ्या दोन ओळींनी चूक किती कमी झाली तेही मला सांगता येत नाही. मला न्यूमरिकल हवंय."

"ताई, बारावीला गणितात काय झालं होतं, ते तुम्हीच मला सांगितलंय."

"हो. पस्तीसला तीन कमी."

"आणि इथे नापास झालात तर इंजिन गेलं. मी परत नाव देऊ शकणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

तिने पेन घेऊन 'संगणकीय भूमिती'वर काट मारली आणि वर 'न्यूमरिकल मेथड्स' लिहिलं. 'मेथड्स' दोनदा लिहावं लागलं.

वडिलांना तिने घरी गेल्या गेल्या सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नजरेचं काम सोडलंस तर."

"सोडलं नाही, बाबा."

"आकडे मोजायला काय, यंत्र आहे की. नजर यंत्राला नसते." ते आत गेले आणि जेवायला बाहेर आले तेव्हा दुसऱ्याच विषयावर बोलले. त्यांनी शिंप्याला आता काय सांगायचं, हा प्रश्न तिलाही पडला. वातावरण हलकं करावं म्हणून नवरा म्हणाला, "आमच्याकडे ये. हाडात केसभर भेग असली की आम्ही सरळ प्लास्टर घालतो, किती ते विचारत नाही." कुणी हसलं नाही.

विद्यापीठाच्या वर्गात सगळी विशीतली मुलं, त्यांच्यात ही एकेचाळीसची. शिकवणाऱ्या मॅडम सडसडीत, कमी बोलणाऱ्या, आणि फळ्यावर इतकं बारीक लिहिणाऱ्या की ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. सहा आठवडे तिने जिवाचं रान केलं. सकाळी पाचला उठायची, बसमध्ये वही, जेवणाच्या सुट्टीत वही. मुलीच्या बारावीच्या पुस्तकातून तिने मागचं गणित उकरून काढलं. मुलगी शिकवताना आवाज चढवायची आणि ती निमूट ऐकून घ्यायची.

पहिली परीक्षा झाली. दहा गणितं होती आणि पेपर तिला चक्क सोपा गेला. निकाल आला: चाळीसपैकी अकरा.

ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, दहातली आठ उत्तरं बरोबर आहेत. मी तपासली."

"नऊ बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या. "हे घ्या. समीकरणाचं मूळ तुम्ही दोन पूर्णांक सदतीस लिहिलंय. बरोबर आहे. कसं काढलंत?"

"आलेख काढला. वक्र कुठे रेषेला छेदतो ते दिसलं."

"दिसलं."

"हो."

"प्रश्न काय होता? वाचा."

तिने वाचलं. 'मूळ शोधा आणि तुमचं उत्तर जास्तीत जास्त किती चुकू शकतं ते दाखवा.' दहाही गणितांत हे दुसरं वाक्य होतं. दहाही गणितांत तिने ते वाचलं होतं आणि उत्तर समोर स्वच्छ दिसत असताना चुकीची भाषा कशाला, म्हणून सोडून दिलं होतं.

"तुमची नजर फार चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "इतकी चांगली मी पाहिलेली नाही. पण 'दिसलं' या शब्दाला मला गुण देता येत नाहीत. दिसलं ते बरोबर आहे हे तुम्हाला कशावरून कळलं, ते मला हवंय." त्यांनी खण उघडून एक कागद काढला. "हा विषय बदलण्याचा फॉर्म. सोमवारी शेवटची तारीख. भूमितीचे सर माझ्या ओळखीचे आहेत. तिथे ही नजर तुम्हाला वर्षभर पुरेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. खरंच."

टोमणा असता तर ती भांडली असती. पण मॅडम मनापासून बोलत होत्या आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. भूमितीत ती पास झाली असती. इंजिन मिळालं असतं. बसमध्ये ती फॉर्म हातात धरून बसली आणि तिला रडू आलं, तेही असं की शेजारच्या बाईने स्वतः उभं राहून तिला खिडकीची जागा दिली.

रविवारी सकाळी फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता. वडिलांनी तो पाहिला. चष्मा लावून, कागद नाकाला टेकवून त्यांनी तो अक्षर अक्षर वाचला. इतके दिवस उतरलेला त्यांचा चेहरा खुलला.

"म्हणजे अजून बदलता येतं?"

"उद्यापर्यंत."

"मग भर की! आण इकडे पेन. नाव मी लिहितो, माझं अक्षर चांगलं आहे." ते स्वतःच पेन शोधायला उठले. "चूक सगळ्यांकडून होते. चुकीच्या जागी नमुना ठेवला तर उचलायचा आणि दुसरीकडे ठेवायचा, त्यात काय एवढं? सुरी लागायच्या आधी कळलं हे नशीब."

तिने वडिलांकडे पाहिलं. तिच्या मनात त्या क्षणी इतकी माया दाटली की हो म्हणून टाकावं असं वाटलं. ते पेन घेऊन आले. तिने ते त्यांच्या हातातून घेतलं, फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर पहिलं गणित लिहिलं. तेच, दोन पूर्णांक सदतीसवालं. आलेख काढला नाही. मूळ दोन आणि तीनच्या मध्ये आहे, एवढंच धरलं. मधोमध कापलं. उरलेल्या अर्ध्यात मूळ आहे का पाहिलं. पुन्हा मधोमध कापलं. दर वेळी लिहीत गेली: चूक फार तर अर्धी. फार तर पाव. फार तर अर्धपाव.

"अगं, फॉर्म आहे तो!" वडील म्हणाले.

"हो, बाबा."

"खराब झाला की."

"हो."

तिच्या कोपराशी शंभर पानी वही उघडी पडली होती. वडिलांनी वहीकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं आणि हळूच खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटं ते तिचा हात चालताना बघत राहिले.

"काय करतेस ते तरी सांग."

"उत्तर मला आधीच दिसलंय, बाबा. पण ते किती चुकू शकतं ते आता काढतेय. प्रत्येक कापाला चूक निम्मी होते. दहा काप घेतले की हजारावा भाग उरेल. कुणीही विचारलं तरी सांगता येईल."

"तुझ्या डोळ्याला मोतीबिंदू झाला तरी?"

"तरी."

एवढ्यात ती सातव्या कापाला आली आणि कागदाची ती बाजू खालपर्यंत भरली. तिने वहीकडे हात नेला. त्याआधी वडिलांनी फॉर्म उचलला, उलटला, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि छापील बाजू वर करून तिच्यापुढे ठेवला.

"रकाने मोठे आहेत," ते म्हणाले. "तीन काप बसतील."

आठवा काप तिने 'जुना विषय'च्या रकान्यात लिहिला. नववा 'नवा विषय'मध्ये. दहावा जरा लांबला, म्हणून तो सहीच्या जागेवरून पुढे गेला.